रविवारचं अळणी, सोमवारचं सूप : रात्रभर ओट्यावर राहिलेलं उकळून चालतं का?

रानजाई (मंगळवार, रात्री ९:१०)

मूळची कोल्हापूरची, आता पुण्यात. आमच्याकडे मटण म्हटलं की आधी अळणी. मटणाला हळद-मीठ, आलं-लसूण लावून भरपूर पाण्यात शिजवायचं आणि वरचं पाणी काढून ठेवायचं. त्यातलं थोडं पांढऱ्या रश्श्याला, थोडं तांबड्याला, उरलेलं मुलांना आणि वयस्क माणसांना वाटीतून प्यायला. तरीही उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याचं सूप. ही सवय मला आईकडून लागली.

परवाच्या रविवारी घरी चौदा माणसं होती. दुपारी दोनला जेवणं झाली. साधारण दोन लिटर अळणी मोठ्या पातेल्यात उरलं, भातही उरला. पाहुणे संध्याकाळी चहा घेऊन गेले, मग आवराआवर. फ्रिज गच्च भरलेला, त्यामुळे पातेलं आणि भाताचं भांडं ओट्यावरच झाकून ठेवलं. मे महिना, स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तापलेलं.

सोमवारी सकाळी आठला अळणी गॅसवर ठेवलं. दाटपणा यावा म्हणून दोन मुठी भात मिक्सरमधून फिरवून घातला, आलं, मिरपूड. चांगलं दहा मिनिटं खळखळून उकळलं. आधी वास घेतला होता, चमचाभर चाखलंही होतं. जराही वेगळं लागलं नाही. मुलाला (वय सात) आणि सासऱ्यांना (वय चौऱ्याहत्तर) एकेक वाटी दिली. आम्ही दोघांनी चहा-पोळी खाल्ली.

साडेदहाला मुलाला पहिली उलटी झाली, दुपारपर्यंत सहा झाल्या. सासऱ्यांना साडेअकरापासून सुरू झाल्या. मला नुसतं मळमळलं. ताप नाही, जुलाब नाहीत. डॉक्टरांनी जलसंजीवनी सांगितली आणि रात्रीपर्यंत दोघं सावरले. आज बरे आहेत. पण वाटी मी माझ्या हातानं पुढे केली होती, हे मला खातंय.

मटण त्याच सकाळी सातला ताजं आणलं होतं. आई फोनवर म्हणते, "उकळलं होतंस ना, मग सुपानं नाही झालं ते." मला हे नीट समजून घ्यायचंय. उकळल्यावर जंतू मरतात ना? मग काय राहिलं? आणि उरलेल्याचं सूप करणं मला सोडायचं नाहीये. अन्न टाकताना हात थरथरतो माझा.

पेट्री (मंगळवार, रात्री १०:३५)

ताई, दोघं बरे आहेत हे वाचून हायसं वाटलं. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. कोणता जंतू होता हे तपासणीशिवाय कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तुम्ही दिलेल्या वेळा वाचल्या आणि माझं लक्ष मटणाकडे गेलंच नाही. भाताकडे गेलं.

बॅसिलस सेरियस हा जंतू मातीत असतो, तिथून तो तांदळावर येतो. त्याचं एक रूप म्हणजे बीजाणू : टणक कवच घालून निपचित पडलेला जंतू. भात शिजतो तेव्हा बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि वाढायला लागतात, आणि आता शेजारी स्पर्धेला कुणी उरलेलं नसतं. वाढताना त्यांतले काही प्रकार सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात. ते १२१ अंश सेल्सियसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. तुमचं सूप उकळलं १०० अंशांना, दहा मिनिटं. जंतू मेले असतील, पण त्यांनी रात्रभरात करून ठेवलेलं विष जसंच्या तसं वाटीत आलं. त्याला वास नाही, चव नाही. उलट्या साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात, ताप बहुधा नसतो. तुमची हकिगत त्यात बसते.

दुसरा संशयित म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. हा आपल्या नाकात, हाताच्या त्वचेवर, कापल्या-भाजल्या जागी असतो. शिजलेल्या अन्नाला हात लागला (मटण हाडावरून सोडवणं, भात हातानं मोकळा करणं) आणि ते अन्न उबेत राहिलं, तर हाही विष करतो आणि तेही उकळून जात नाही. लक्षणं जवळपास तीच.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन लोक लागोपाठ आजारी पडले, तेव्हा या भाताकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. रात्री ढीगभर भात शिजवून तो बाहेरच ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. परतल्यानं तो वाचला नाही. बहुतेक लोक दिवसभरात बरे होतात, पण नेहमीच नाही. २००८ साली ब्रुसेल्समध्ये वीस वर्षांचा एक विद्यार्थी पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ल्यावर यकृत निकामी होऊन गेला. घाबरवायला लिहीत नाही. पण 'उकळलंय म्हणजे झालं' हा समज किती खोल रुजलाय हे मी दरवर्षी वर्गात बघते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर : सोमवार सकाळची उकळी रविवार रात्रीचं काही पुसू शकत नाही. सूप सुरक्षित होतं की नाही हे रविवारी गॅस बंद केल्यानंतरच्या दोन तासांत ठरतं.

मीठभाकर (मंगळवार, रात्री ११:०२)

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. आमच्या गावच्या घरात (सातारा जिल्हा) फ्रिज मी नोकरीला लागल्यावर आला. त्याआधी आमटी रात्रभर राहायची, सकाळी उकळून भाकरीबरोबर खायचो. फोडणीचा भात तर शिळ्या भाताचाच करतात. सात जणांचं कुटुंब, कुणाला कधी काही झालं नाही. आता प्रत्येक गोष्टीची भीती घालायची आणि अन्न कचऱ्यात टाकायचं, हे बघवत नाही.

पेट्री (बुधवार, सकाळी ७:२०)

दादा, तुमचा राग अन्न वाया जाण्यावर आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूची आहे. पण तुमच्या त्या घराचं स्वयंपाकघर आठवून बघा. चूल होती का? चुलीला वैल (शेजारचं, चुलीच्याच आचेवर तापणारं तोंड) होता का?

मीठभाकर (बुधवार, सकाळी ८:०५)

हो. दोन वैल होते. आमटीचं भांडं तिथंच असायचं.

पेट्री (बुधवार, सकाळी ८:४०)

तेच विचारायचं होतं. जिवाणू जोमानं वाढतात ते ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात. म्हणून आपली एफएसएसएआय (भारताची अन्नसुरक्षा संस्था) असो की जागतिक आरोग्य संघटना, दोघंही सांगतात की थंड अन्न ५ च्या खाली आणि गरम अन्न ६० च्या वर ठेवा. निखाऱ्याशेजारच्या वैलावर वाफाळत असलेली आमटी बराच वेळ ६० च्या वर राहायची. शिवाय चिंच किंवा आमसूल घातलेली, मापात केलेली, तळाशी दोन वाट्या उरलेली. खटाई जास्त असली की बहुतेक जंतूंची वाढ मंदावते. गॅसच्या शेगडीला वैल नसतो. बटण फिरवलं की भांडं त्या क्षणापासून निवायला लागतं आणि मे महिन्यात ते पहाटेपर्यंत कोमटच असतं. आईनं सवय दिली, चूल मागे राहिली.

निखारे विझून भांडं कोमट झालं तर वैलावरही हेच होणार, हे खरंच. आणि 'कुणाला काही झालं नाही' याबद्दल जरा शंका घ्या. आपल्याकडे 'काल काहीतरी बाधलं' असं म्हणून विषय संपतो. काय बाधलं हे कोण शोधतं?

फोडणीचा भात जरूर करा. रात्रीचं जेवण झाल्यावर भात ताटात पसरून निववा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, सकाळी काढून फोडणी घाला. मोकळा होतो, उलट छान होतो.

तिरफळ (बुधवार, सकाळी १०:१५)

पेडण्याहून (गोवा) लिहितेय. वैल वाचला आणि आजी आठवली. आमच्याकडे 'कालची कडी' म्हणून वेगळाच पदार्थ मानतात : काल रात्रीचं नारळाचं हुमण (माशाची आमटी), सोलं (आमसुलं) घातलेलं, मातीच्या बुडकुल्यात मंद निखाऱ्यावर आटत आटत पार घट्ट होतं. सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर किंवा पावाला लावून खायचं. आजी रात्री जेवण झाल्यावर त्यातले माशाचे तुकडे संपवायला लावायची, बुडकुल्यात फक्त रस ठेवायची आणि विस्तव राखेखाली झाकायची. सकाळी बुडकुलं हाताला चटका देत असे. आज मी कडी रात्रीच आटवते, काचेच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी परत आटवते. चव नव्वद टक्के येते.

माशाबद्दल एक सांगावंसं वाटतं. बांगड्याच्या डोक्यांचं आणि काट्यांचं पाणी काढून सार करणारे खूप जण आहेत. बांगडा, कुपा, तारली हे मासे पकडल्यापासून बर्फात राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून, तळून, उकळून, गोठवून कशानंही जात नाही. सार जिभेला चुरचुरलं, खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल झालं, अंगावर गांधी उठल्या, डोकं ठणकायला लागलं तर 'मला माशाची अॅलर्जी आहे' असं लगेच धरू नका. त्या दिवशीचा मासा असा असू शकतो. म्हणून डोकी 'उद्या सार करू' म्हणत बाहेर ठेवू नका. लगेच पाणी काढा नाहीतर लगेच फ्रीझरला टाका.

खानावळ_पंचवटी (बुधवार, दुपारी ३:३०)

दुपारची गर्दी संपली, आता लिहिते. मी नाशकात अकरा वर्षं छोटी खानावळ चालवते, रोजची साठ-सत्तर ताटं. माझ्या चुकीची गोष्ट सांगते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तिसऱ्या वर्षी एका बुधवारी पंधरा लिटर मटणाचा रस्सा केला. निम्मा उरला. पातेलं जड, म्हणून ते जागेवरच झाकून ठेवलं. गुरुवारी सकाळी घाई होती. रस्सा गरम केला, कडेनं बुडबुडे आले, वाफ आली, वाढला. रात्री उशिरा नऊ जणांचे फोन आले : पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. उलटी जवळपास कुणाला नव्हती. मी प्रत्येकाच्या खोलीवर जाऊन आले. महिनाभर झोप लागली नाही. (पेट्रीताई, हे भातवालं नव्हतं ना? तुम्ही सांगा.)

त्यानंतर मी निववण्याची पद्धत बदलली. मोठं पातेलं तसंच कधीही ठेवत नाही. रस्सा, वरण, आमटी, सार सगळं पसरट भांड्यांत ओतायचं, चार बोटांपेक्षा कमी खोल. ती भांडी पाणी आणि बर्फ घातलेल्या परातीत ठेवायची, बर्फात मूठभर मीठ. दर पाच मिनिटांनी स्वच्छ डावानं ढवळायचं. वर पंखा. पाच लिटर रस्सा अर्ध्या-पाऊण तासात हाताला थंड लागतो. मग झाकण, मग फ्रिज. बर्फ भांड्याच्या बाहेर, आत नाही. विकतच्या बर्फाचं पाणी कसलं असेल सांगता येत नाही.

घरी दोन लिटरला एवढा खटाटोप नको. ढोकळ्याच्या दोन थाळ्यांत ओता आणि सिंकमध्ये थंड पाण्यात ठेवा. पाणी दोनदा बदला. बस.

पेट्री (बुधवार, संध्याकाळी ६:१०)

ताई, तुमच्या अनुभवाचा नमुना वेगळा आहे आणि तो इथं आला हे फार बरं झालं. मुरडा, जुलाब, उलटी नाही, आठ-बारा तासांनी सुरुवात, मोठ्या पातेल्यातलं मांस : हे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचं ठरलेलं वागणं. याचेही बीजाणू उकळीतून वाचतात. याला हवा नको असते आणि उकळताना रश्श्यातली हवा निघून जाते. वरून तवंग झाकण घालतो. ४३-४५ अंशांच्या आसपास हा दर दहा मिनिटांना दुप्पट होऊ शकतो. नुसता हिशोब करा : तीन तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. पंधरा लिटरचं पातेलं त्या तापमानाच्या आसपास किती तास राहत असेल!

फरक एवढा की याचं विष तो आपल्या आतड्यात गेल्यावर करतो. म्हणून इथं पूर्ण उकळी खरोखर उपयोगाची असते. कडेचे बुडबुडे म्हणजे उकळी नव्हे. मधलं आणि तळातलं अजून कोमट असतं. ढवळत राहायचं आणि सगळं भांडं मधोमध खळखळलं पाहिजे. अन्नाच्या गाभ्यात निदान ७४ अंश यावेत असं अमेरिकेतले नियम सांगतात. सूप-रश्श्यासारख्या पातळ पदार्थाला सरळ उकळीच आणायची.

म्हणजे दोन्ही हवं. परफ्रिंजेन्ससाठी पुन्हा कडकडीत उकळी, आणि भातातल्या विषासाठी वेळेवर निववणं, कारण तिथं उकळी हतबल आहे. भांड्यात कोण बसलंय हे आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही.

कढीलिंब (बुधवार, रात्री ८:५०)

आम्ही शाकाहारी आहोत, म्हणून मी हे सगळं आपलं नाही असं समजून वाचत होते. मग आठवलं की आमच्याकडे कुकरमध्ये डाळ शिजवून झाकण न उघडता रात्रभर ठेवतात. "शिट्टी लावलेली आहे, सील आहे." सकाळी त्याचं टोमॅटो घालून सूप. हे चालतं ना?

पेट्री (बुधवार, रात्री ९:३०)

नाही. कुकर निवताना आत पोकळी होते आणि बाहेरची हवा आत खेचली जाते, तो डबाबंद माल नव्हे. पूर्ण दाबावर कुकरमध्ये १२० अंशांच्या जवळपास तापमान जातं हे खरं, पण ते आपण किती मिनिटं ठेवतो? शिवाय बंद कुकरइतकं सावकाश निवणारं भांडं घरात दुसरं नसेल. डाळ घट्ट असते, घट्ट पदार्थ पातळापेक्षा फार हळू निवतो. प्रेशर गेलं की झाकण काढा, डाळ पसरट भांड्यात घ्या. शाकाहारी असल्यानं सूट मिळत नाही. भात, डाळ, उकडलेला बटाटा, पनीर या सगळ्यांत जंतूंना हवं ते सगळं आहे.

मीठभाकर (बुधवार, रात्री १०:१२)

वैलाचं वाचल्यापासून विचार करतोय. एक विचारतो. आमच्या आईचे दोन नियम कडक होते. ताटातलं उष्टं परत भांड्यात कधी जायचं नाही, ते गोठ्यात. आणि चव बघितलेला डाव परत आमटीत बुडवायचा नाही, तळहातावर थेंब घेऊन चाखायचं. मी हे सोवळ्या-ओवळ्याचं समजत होतो.

पेट्री (बुधवार, रात्री १०:२५)

तुमच्या आईचे ते दोन नियम मी वर्गात सांगेन. शिळं वेगळं आणि उष्टं वेगळं. शिळ्याचं सूप होतं, उष्ट्याचं नाही. आणि ज्या चमच्यानं चाखलं तो चमचा आत गेला तर तोंडातले जंतू रात्रभरासाठी आत गेले.

जालन्याचा_वाटाणा (गुरुवार, सकाळी ९:४०)

आमच्याकडे उन्हाळ्यात वीज दिवसाला पाच-सहा तास जाते. मग फ्रिजवर किती भरवसा ठेवायचा?

दूरचा_दिवा (गुरुवार, सकाळी ११:०५)

इकडे एडिसनला (न्यू जर्सी) वादळात वीज गेली की आम्ही जो नियम पाळतो तो सांगतो. फ्रिजचं दार उघडलं नाही तर साधारण चार तास आतली थंडी टिकते. गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून वीज जायची वेळ माहीत असेल तर त्याआधी लागेल ते काढून घ्या आणि मग दाराला हात लावू नका. चार तासांहून जास्त वेळ गेली तर दूध, मांस, रस्सा, डाळ, भात टाकून द्या. फ्रीझरमधल्यात बर्फाचे कण अजून असतील तर चालतं. फ्रीझरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. वीज गेली की त्यातल्या दोन खालच्या कप्प्यात ठेवायच्या.

अजून दोन गोष्टी. शिजलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त दोन तास, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा इकडचा नियम आहे. महाराष्ट्रातला उन्हाळा म्हणजे एक तासच धरा. आणि स्लो कुकरमध्ये शिळं सूप गरम करू नका. तो फार हळू तापतो, तेवढ्यात जंतूंचं काम होऊन जातं. आधी गॅसवर उकळा, मग त्यात ठेवा.

जालन्याचा_वाटाणा (गुरुवार, सकाळी ११:२०)

आभारी आहे दादा. बाटल्या आजच भरतो.

तांब्याभांडे (गुरुवार, दुपारी १:१५)

भांड्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. हल्ली हौसेनं पितळेची पातेली घेतात, पण कल्हईकडे लक्ष नसतं. कल्हई गेलेल्या पितळेत किंवा तांब्यात टोमॅटोचं सूप, सार, चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते. तांबं आंबटात उतरतं, खाल्ल्यावर मळमळ आणि उलटी थोड्याच वेळात. हे जंतूंचं काम नाही, तरी माणूस तसाच आजारी पडतो. निववायला आणि ठेवायला स्टील, काच किंवा चिनीमाती घ्यावी.

कढीलिंब (गुरुवार, दुपारी २:४०)

पेट्रीताई, गरम भांडं फ्रिजमध्ये ठेवलं तर फ्रिज बिघडतो म्हणतात. आणि सूप किती दिवस ठेवावं?

पेट्री (गुरुवार, संध्याकाळी ५:५०)

लहान डबा कोमट असताना ठेवला तर फ्रिजला काही होत नाही. उकळतं मोठं पातेलं ठेवलं तर शेजारचं दूध-दही तापतं, म्हणून आधी पाण्यात निववायचं. पण 'पूर्ण गार होऊ दे' म्हणून चार तास बाहेर ठेवणं ही त्याहून मोठी चूक.

फ्रिज ४-५ अंशांवर असेल तर तीन, फार तर चार दिवस. भात घालायचा असेल तर मी एकच दिवस धरते. फ्रीझरला, उणे १८ वर, दोन-तीन महिने चवीला चांगलं राहतं. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात, म्हणून ओट्यावर वितळवत ठेवायचं नाही. फ्रिजमध्ये वितळवा किंवा गोठलेला गोळा सरळ पातेल्यात टाका. आणि सगळा डबा गरम करून उरलेला परत आत, असं करू नका. लागेल तेवढंच काढा, एकदाच गरम करा.

मिक्सरबद्दल रानजाईताईंच्या पोस्टमध्ये एक गोष्ट बरोबर होती : भात फिरवून घातल्यावर उकळी आणली. खूप जण आधी उकळतात, मग मिक्सरमधून काढून तसंच वाढतात. पात्याखाली आणि झाकणाच्या रबराखाली कालची चटणी बसलेली असते. फिरवल्यावर पुन्हा उकळा. आणि उकळतं सूप मिक्सरमध्ये घालू नका, वाफेनं झाकण उडून भाजतं.

आजारी पडल्यावरचंही लिहिते, कारण सगळे सावध राहूनही कधी होतंच. जलसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं द्या. मूल सुस्तावलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त, जोराचा ताप, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका. लहान मुलं, वयस्क, गरोदर बाई असेल तर आणखी लवकर निघा.

रानजाई (पुढचा सोमवार, रात्री ९:४५)

सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आईला सगळा धागा वाचून दाखवला. भातावर ती बराच वेळ गप्प राहिली. तिच्याही माहेरी चूल होती, वैल होता.

काल परत मटण केलं, या वेळी घरचेच पाच जण. मटण गॅसवर असतानाच फ्रिजचा एक कप्पा रिकामा करून ठेवला. जेवणं वाढायच्या आधीच अळणी दोन ढोकळ्याच्या थाळ्यांत ओतलं, सिंकमध्ये पाण्यात ठेवलं, पाणी दोनदा बदललं, वर जाळी. आमची जेवणं होईपर्यंत ते गार झालं होतं. पाव-पाव लिटरचे पाच डबे भरले, झाकणावर तारीख लिहिली. दोन खाली, तीन फ्रीझरला. भात मोजून लावला, वाटीभर उरला तो ताटलीत पसरून लगेच आत टाकला आणि रात्री दहीभाताला संपवला.

आज संध्याकाळी एक डबा काढला. वरची चरबीची साय थंडीनं घट्ट झाली होती, ती चमच्यानं सहज निघाली. गरम असताना ती कधीच एवढी स्वच्छ निघत नाही, हे मला नवीन होतं. दाटपणासाठी भाताऐवजी ताजी मूगडाळ शिजवून घोटून घातली, आलं, मिरपूड, ढवळत पूर्ण उकळी. वरून लिंबू. सासऱ्यांनी वाटी हातात घेतली तेव्हा मी नकळत घड्याळ बघितलं. त्यांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "दे गं, तूही घे." आम्ही चौघांनी एकाच वेळी प्यायलं.

आत्ता आईचा फोन होता. तिला विचारायचंय : पाण्यात ठेवताना थाळीवर झाकण घालायचं की उघडी ठेवायची?

खानावळ_पंचवटी (सोमवार, रात्री १०:२०)

वाफ जाईपर्यंत जाळी किंवा पातळ फडकं, ताई. फडकं रोज उकळून धुतलेलं असावं. घट्ट झाकण गार झाल्यावरच लावायचं, नाहीतर आतल्या वाफेचं पाणी परत सुपात पडतं आणि निवायला दुप्पट वेळ लागतो. आईंना माझा नमस्कार सांगा.